ग्रुपवर विचारलेलं जातं कुठे?

रात्रीचे सव्वाअकरा. भिवंडीतल्या एखाद्या ट्रान्सपोर्ट कंपनीचा व्हॉट्सॲप ग्रुप डोळ्यासमोर आणा. नाइट ड्युटीवरच्या पोराचा मेसेज येतो, "काका, धुळ्याची गाडी कसाऱ्याला बंद पडलीय. ई-वे बिल बाराला संपतंय. काय करू?" (ई-वे बिल म्हणजे मालाच्या वाहतुकीसाठी जीएसटीच्या पोर्टलवर काढलेला, ठरावीक मुदतीचा दाखला.) दोन मिनिटांत काकांचं उत्तर: "घाबरू नको. संपल्यावरपण आठ तास असतात. पोर्टलवर मुदत वाढवायला जा. गाडी आत्ता उभी आहे तिथला पिनकोड टाक, गोदामाचा नको. जेवढे किलोमीटर राहिलेत तेवढेच लिही. माल दुसऱ्या गाडीत भरलास तर त्या गाडीचा नंबर पार्ट बी मध्ये घाल." पोरगा अंगठा टाकतो. काम होतं.

चार महिन्यांनी काका गणपतीला गावी गेलेत, फोनला रेंज नाही. दुसरा पोरगा, दुसरी गाडी, तोच प्रश्न. तो ग्रुपमध्ये 'ई-वे बिल' शोधतो. बिलांचे फोटो निघतात, 'ई-वे बिल पाठवा सर' असे कैक मेसेज निघतात. काकांचं उत्तर काही सापडत नाही, कारण त्या उत्तरात काकांनी 'ई-वे बिल' हे शब्द लिहिलेच नव्हते. ते प्रश्नात होते. बोलताना माणूस असंच बोलतो.

ऑफिसातल्या ज्ञानाचं सगळं दुखणं या दोन रात्रींमध्ये आहे. नॉलेज मॅनेजमेंट हा शब्द ऐकला की सल्लागार, स्लाइड्स आणि बाणांच्या आकृत्या आठवतात. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच, की कंपनीत कुणाला तरी जे माहीत आहे ते गरज पडेल त्या माणसाला, गरज पडेल त्या वेळी मिळावं, यासाठी केलेली व्यवस्था. मॅन्युअल, ट्रेनिंग, फायलींची कपाटं, एसओपी (काम करायच्या ठरवून दिलेल्या पायऱ्या) हे सगळं त्यातच येतं. स्लॅक आणि टीम्ससारखी ऑफिसच्या चॅटची ॲप्स, व्हॉट्सॲप ग्रुप, कंपनीच्या आतलं विकी (म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची पानं), प्रश्नोत्तरांचे बोर्ड ही त्या व्यवस्थेतली नवी मंडळी. यांना सोशल कोलॅबरेशन टूल्स म्हणतात, कारण यांत माहिती साठवण्याआधी माणसं एकमेकांशी बोलतात. प्रश्न असा, की या बोलण्याची जागा त्या व्यवस्थेत नेमकी कुठे?

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर फोटोकॉपी मशीन दुरुस्त करणाऱ्यांकडून आलेलं आहे, आणि तेही स्लॅक जन्मायच्या कितीतरी आधी.

१९८०च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या पार्क या संशोधन केंद्रात ज्युलियन ऑर नावाचे मानववंशशास्त्रज्ञ होते. त्यांनी कंपनीच्या सर्व्हिस टेक्निशियनांसोबत फिरून त्यांचं काम बघितलं. कंपनीची समजूत सरळ होती. मशीन एरर कोड दाखवतं, टेक्निशियन मॅन्युअल उघडतो, त्यात लिहिलेल्या पायऱ्या करतो, मशीन चालू होतं. ऑर यांना दिसलं ते वेगळंच. मशीन एक कोड दाखवायचं आणि बिघाड दुसरीकडेच असायचा. मॅन्युअलप्रमाणे पार्ट बदलला तरी तोच कोड पुन्हा. मग दोन टेक्निशियन मशीनपुढे बसून गप्पा मारायचे. "मागे अमुक ठिकाणी असंच झालं होतं, तेव्हा..." असं एकाने सुरू करायचं, दुसऱ्याने त्यात आपला अनुभव जोडायचा, आणि असे किस्से रचत रचत ते खऱ्या बिघाडापर्यंत पोहोचायचे. नाश्त्याला, कॉफीला भेटले की पुन्हा हेच. वरून बघणाऱ्याला वाटावं, पोरं टाइमपास करतायत. खरं काम तिथेच चाललं होतं.

पुढची गोष्ट आणखी गमतीची आहे. पार्कच्या संशोधकांनी टेक्निशियनांसाठी बिघाड ओळखणारी एक एक्स्पर्ट सिस्टिम बनवली, म्हणजे त्या काळचं एआयच. टेक्निशियनांना तिचं फारसं कौतुक वाटलं नाही. तिला जे कळत होतं ते त्यांनाही कळत होतंच. त्यांना छळणारे बिघाड मशीन गिऱ्हाइकाकडे वर्षभर चालल्यावर निघणारे होते, धुळीचे, दमट हवेचे, झिजलेल्या पार्टचे, डिझाइन करणाऱ्यांना स्वप्नातही न आलेले. ते ठाऊक होते फक्त दुसऱ्या टेक्निशियनला. मग संशोधकांनी दिशाच बदलली आणि १९९०च्या दशकात फ्रान्समध्ये 'युरेका' नावाची व्यवस्था उभी राहिली. टेक्निशियनने आपल्याला सापडलेली युक्ती थोडक्यात लिहायची. त्या मशीनची चांगली जाण असलेल्या दुसऱ्या टेक्निशियनने ती तपासायची. बरोबर ठरली तर ती सगळ्यांना दिसणार, आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव राहणार.

बक्षीस म्हणून पैसे द्यावेत का, यावर चर्चा झाली. टेक्निशियनांनीच नको म्हटलं. पैसे लावले की लोक टिपा मोजत बसतील, चांगल्या लिहिणार नाहीत, हे त्यांना आधीच दिसलं होतं. नाव पुरेसं होतं. टेक्निशियनांच्या एका मेळाव्यात भरपूर टिपा लिहिलेल्या एका सहकाऱ्यासाठी बाकीचे आपणहून उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, अशी नोंद आहे. आणि ब्राझीलमधला एक किस्सा तर नेहमी सांगितला जातो. तिथे एक इंजिनिअर वैतागलेल्या गिऱ्हाइकाचं सुमारे ४०,००० डॉलरचं रंगीत मशीन बदलूनच द्यायला निघाला होता. युरेकात त्याला माँट्रियलच्या एका टेक्निशियनची टीप सापडली. बिघाड निघाला अर्ध्या डॉलरच्या एका छोट्या पार्टमध्ये. कुठे माँट्रियल, कुठे ब्राझील. हे दोघं कॉफीला कधीच भेटले नसते.

या गोष्टीत एक बारीक मुद्दा आहे आणि तो बहुतेक कंपन्या चुकवतात. गप्पा आणि युरेका या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. गप्पांत ज्ञान तयार होत होतं. युरेकात त्यातलं टिकाऊ तेवढं उतरत होतं. आणि या दोहोंच्या मध्ये तपासणारा माणूस होता. आजची चॅट टूल्स पहिल्या भागात पटाईत आहेत. विकी आणि कागदपत्रांची टूल्स दुसऱ्या भागासाठी आहेत. मधला माणूस मात्र कुठल्याच टूलच्या लायसनसोबत फुकट येत नाही.

टूल्सचा इतिहास पटकन उरकतो. १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी प्रोग्रामरांसाठी पहिलं विकी चालू केलं, कुणीही पान बदलू शकेल असं. २००६ मध्ये अभ्यासक अँड्र्यू मॅकाफी यांनी अशी साधनं कंपनीच्या आत वापरण्याला 'एंटरप्राइज २.०' म्हटलं. यॅमर हे कंपनीच्या आतलं फेसबुकसारखं टूल २००८ चं, २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते १.२ अब्ज डॉलरला घेतलं. स्लॅक २०१३-१४ मध्ये आलं, टीम्स २०१७ मध्ये. आपल्याकडच्या हजारो छोट्या-मध्यम धंद्यांनी हे सगळे टप्पे ओलांडून थेट व्हॉट्सॲप ग्रुप काढला.

या टूल्सनी नवीन दिलं काय? फोनवर विचारलेला प्रश्न दोघांतच राहायचा, ग्रुपवर विचारलेला तिसऱ्यालाही दिसतो. याहून मोठा फायदा मात्र सहसा कुणी मोजत नाही. कुणाला काय येतं, हे न विचारता कळायला लागतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८०च्या दशकात मांडलं होतं की, एकत्र राहणारी किंवा एकत्र काम करणारी माणसं सगळं स्वतः लक्षात ठेवत नाहीत, कोणती गोष्ट कुणाला ठाऊक आहे एवढंच लक्षात ठेवतात. संशोधक पॉल लिओनार्डी यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या वित्तीय कंपनीत दोन गटांची तुलना केली. एका गटाला कंपनीच्या आतलं सोशल टूल दिलं, दुसऱ्याला दिलं नाही. काही महिन्यांनी पहिल्या गटातल्या लोकांना आपल्या सहकाऱ्यांपैकी कुणाला काय येतं आणि कोण कुणाला ओळखतं, याचा अंदाज आधीपेक्षा बराच अचूक यायला लागला. त्यांनी वेगळं काही केलं नव्हतं. इतरांचं बोलणं येता-जाता नजरेखालून गेलं होतं, बस. म्हणून ग्रुपवर काहीही न लिहिणारा, नुसता वाचणारा माणूस फुकट बसलेला नसतो.

पण हे सगळं घडायला प्रश्न उघड्यावर विचारावा लागतो, आणि आपल्या ऑफिसांत गाडी इथेच अडते. ग्रुपमध्ये साहेब असतात. साहेबांसमोर 'मला हे येत नाही' असं कोण लिहील? मग पोरगा प्रश्न ग्रुपवर न टाकता काकांना पर्सनलवर टाकतो. काका तिथेच उत्तर देतात. पुढच्या आठवड्यात दुसरा पोरगा तेच विचारतो, काका पुन्हा टाइप करतात. ग्रुपवर उरतात सुप्रभातची फुलं, वाढदिवसाचे केक आणि 'ओके सर' ची रांग. मला विचाराल तर याला टूल जबाबदार नाही. साहेबांनी स्वतः आठवड्यातून एखादा खरा, न येणारा प्रश्न ग्रुपवर टाकला तर जे साधतं, ते 'नॉलेज शेअर करा' अशा दहा सर्क्युलरांनी साधत नाही. आणि कामाचा ग्रुप वेगळा, शुभेच्छांचा वेगळा, हे तर आजही करता येईल.

बक्षिसाचा मुद्दा राहिला. टेक्निशियनांनी जी भीती बोलून दाखवली होती, ती आपल्याकडे खरी ठरलेली आहे. इन्फोसिसने (पुण्यात १९८१ मध्ये सुरू झालेली आणि पुढे बंगळुरूला गेलेली कंपनी) आपल्या 'के-शॉप' या ज्ञानाच्या पोर्टलसाठी 'नॉलेज करन्सी युनिट' नावाचे गुण सुरू केले. लेख लिहिला की गुण, तपासला की गुण, वाचणाऱ्यांनी चांगला म्हटला की आणखी गुण, आणि गुणांच्या बदल्यात बक्षिसं. लेखांचा पूर आला. तपासणाऱ्यांवर ताण आला, दर्जा घसरला, आणि नेमकं कामाचं शोधणाऱ्याला त्या ढिगातून वाट काढावी लागायला लागली. कंपनीने हे वेळीच ओळखून योजना बदलली, लेखांच्या संख्येवरचा भर कमी केला. या प्रकरणावर पुढे अभ्यासकांनी लिहिलंही. यात इन्फोसिसला हसण्यासारखं काही नाही, उलट चूक मोजून सुधारणाऱ्या कंपन्या थोड्या. पण आजही एखादं टूल 'टॉप कॉन्ट्रिब्युटर' चा बिल्ला आणि गुणतक्ता घेऊन आलं, की मॅनेजरांचे डोळे चमकतात. तेव्हा हा इतिहास आठवावा.

आता मधल्या माणसाकडे येऊ, कारण सगळं त्याच्यावर अडलेलं आहे. चॅटमधलं उत्तर पानावर उतरवणं म्हणजे कॉपी-पेस्ट नव्हे. काकांचंच उत्तर घ्या. त्याचं पान करायचं तर आधी शीर्षक, आणि तेही अडलेला माणूस शोधताना टाइप करेल त्या शब्दांत: 'गाडी वाटेत बंद पडली, ई-वे बिल संपत आलं, काय करायचं?' 'वैधता विस्तार कार्यपद्धती' असं शीर्षक दिलं तर ते पान कायमचं हरवलं म्हणा. मग प्रसंग: कोणत्या वेळी हे लागू आणि कोणत्या वेळी नाही. मग कृती, पोर्टलवरच्या बटणांच्या क्रमाने. मग काकांचं नाव, म्हणजे शंका आली तर कुणाला विचारायचं ते कळेल आणि काकांनाही बरं वाटेल. आणि शेवटी, सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट: हे शेवटचं कधी तपासलं ती तारीख.

तारखेवर मी अडून बसतो त्याला कारण आहे. ई-वे बिलाची मुदत पूर्वी साध्या मालासाठी दर १०० किलोमीटरला एक दिवस अशी होती. १ जानेवारी २०२१ पासून ती दर २०० किलोमीटरला एक दिवस झाली. २०२० मध्ये कुणी अगदी मन लावून लिहिलेलं पान आज सरळ चुकीचं आहे, आणि ते नीटनेटकं असल्यामुळे जास्त धोक्याचं आहे. चॅटवर निदान मेसेजची तारीख दिसते. सुबक पानावर माणूस डोळे मिटून विश्वास ठेवतो. पान कुणाच्या तरी नावावर हवं, आणि त्या माणसाने ते ठरावीक काळाने उघडून बघायला हवं. नियम बदलणाऱ्या कामात तीन महिने हे बरं अंतर, बाकी ठिकाणी वर्ष चालेल.

हे काम करायचं कुणी? 'सगळ्यांनी' असं उत्तर आलं की समजावं, कुणीच करणार नाही. जिथे हे चालतं तिथे दर टीममध्ये एकाच्या कामात ते लिहिलेलं असतं आणि त्यासाठी वेळ काढून दिलेला असतो. शनिवारी तासभर त्याने आठवड्याचा ग्रुप चाळायचा. तोच प्रश्न दुसऱ्यांदा आलेला दिसला की पान करायचं, एकदाच आला असेल तर सोडून द्यायचं. पुढच्या वेळी प्रश्न आला की पूर्ण उत्तर न टाइप करता पानाची लिंक द्यायची. महिनाभरात लोक आधी पान बघायला शिकतात. यात नव्या माणसाला बसवावं असं मी सुचवेन. जुन्यांना जे उघड वाटतं ते लिहायचं सुचतच नाही, नव्याला प्रत्येक पायरीवर अडखळायला होतं, त्यामुळे त्याचं पान इतर नव्यांना कळतं. तपासायचं काम जुन्यांकडे.

सगळंच ज्ञान असं पानावर उतरत नाही, हेही कबूल करायला हवं. जपानी अभ्यासक इकुजिरो नोनाका यांनी मात्सुशिता कंपनीचं उदाहरण प्रसिद्ध केलं. १९८०च्या दशकात त्यांचं घरगुती ब्रेड मशीन पीठ नीट मळत नव्हतं. इकुको तनाका नावाच्या सॉफ्टवेअर डेव्हलपर ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरच्या हाताखाली शिकायला गेल्या. तो पीठ मळताना एका खास पद्धतीने पिळून ताणत असे, हे त्यांनी बघून, करून ओळखलं. मग इंजिनिअरांनी मशीनच्या आत उंचवटे बसवून तीच हालचाल आणली. तो बेकर स्लॅकवर असता तरी हे लिहू शकला नसता, कारण आपण पिळतो आहोत याचा विचार तो करतच नव्हता. अशा ज्ञानाच्या बाबतीत टूलचं काम एवढंच: त्या बेकरपर्यंत पोहोचवणं. पुढे शेजारी उभं राहावंच लागतं. पोळी लाटायला फोनवर कोण शिकलंय?

टूल भाड्याचं असतं, हाही एक व्यवहारी मुद्दा. स्लॅकच्या फुकट प्लॅनमध्ये २०२२ पासून मागच्या ९० दिवसांचेच मेसेज दिसतात आणि २०२४ पासून वर्षापेक्षा जुने मेसेज पुसले जातात. मेटाने कंपन्यांसाठी काढलेलं 'वर्कप्लेस' बंद करत असल्याचं २०२४ मध्ये जाहीर केलं. ज्यांनी वर्षानुवर्षं तिथे सगळं लिहिलं होतं त्यांना डेटा उतरवून घ्यायची धावपळ करावी लागली. व्हॉट्सॲप ग्रुपचं तर कंपनीच्या नावावर काहीच नसतं. नोकरी सोडणारा आपला फोन आणि त्यातली चार वर्षांची उत्तरं घेऊन जातो, आणि नव्याने ग्रुपमध्ये आलेल्याला जुनं सगळं आपोआप मिळत नाही. म्हणून जे टिकवायचं ते साध्या, बाहेर काढता येईल अशा रूपात कंपनीच्या स्वतःच्या जागेत ठेवावं. शेअर केलेलं एक साधं डॉक्युमेंटही चालतं. पन्नास माणसांच्या धंद्याला महागडं पोर्टल लागत नाही.

आता सगळीकडे म्हणतात, एआय आलंय, ते चॅटमधून उत्तर शोधून देईल, मग पानं कशाला? शोधण्याच्या कामात ते खरंच उपयोगी आहे. 'ई-वे बिल' हे शब्द नसलेलं काकांचं उत्तर ते अर्थावरून काढूनही देईल. पण १०० किलोमीटरवालं जुनं पान आणि नवा मेसेज दोन्ही समोर असतील, आणि कोणतं चालू आहे हे कुठेच लिहिलेलं नसेल, तर ते दोन्हींपैकी एक तितक्याच ठामपणे सांगेल. शिवाय ते विचारणाऱ्या माणसाला असलेल्या परवानग्यांनुसार शोधतं. ज्याला जी फाइल उघडायची मुभा आहे ती त्याच्या उत्तरात येणार. त्यामुळे असं एआय चालू करण्याआधी आयटीवाल्यांना परवानग्या तपासत बसावं लागतं, आणि त्या तपासणीत पगाराचा तक्ता सगळ्या ऑफिसला उघडा असलेला सापडतो, शेजारी 'फायनल', 'फायनल नवी' आणि 'फायनल खरी' या तीन फायली, तिन्हींतले आकडे वेगळे.